बाप्पाच्या गाडीला ताप

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका वृषालीताई फोनवर म्हणाल्या, "दत्ता, तुझ्या कामावर लिही ना काहीतरी. पण जरा गंभीर हं, नाहीतर सगळे विनोदीच लिहितात." मी त्यांच्याच आवाजात म्हणलं, "हो हो, जरा गंभीरच हं." मग त्या फिस्सकन हसल्या आणि गांभीर्य तिथंच वारलं.

तर मी दत्ता. गाव बार्शी, मुक्काम लंडन. म्हणजे ओंटारिओतलं लंडन, राजवाड्यावालं नव्हे. माझी आत्या गावात "भाचा लंडनला असतो" एवढंच सांगते, आणि मी तिला त्याच्या पुढचं सांगू देत नाही. मी गाड्या दुरुस्त करतो. इथली आपली निम्मी पोरं कम्प्युटरवर काम करतात, त्यामुळं कुणाच्या बारशाला गेलो की "तू कुठल्या कंपनीत?" हा प्रश्न ठरलेला. गॅरेजात म्हणलं की समोरचा इकडंतिकडं बघतो. मग हळूच मला कोपऱ्यात घेतो आणि म्हणतो, "अरे, माझ्या गाडीतून एक आवाज येतो रे."

आवाज हेच माझं भांडवल. शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात माईकवरून अर्धी सुट्टी जाहीर केली होती. अख्खी शाळा घरी गेली. मी तेवढा राहिलो, हेडमास्तरांच्या खोलीत. तेव्हा जे वळ उठले त्यांच्यावर आज माझं पोट चालतं. कारण काय, लोकांना गाडीचा आवाज सांगताच येत नाही. "फनी नॉइज येतो." कसला? "फनी." मग मी एकेक आवाज काढून दाखवतो. बेअरिंग गेलं असेल तर लांबून विमान चाललंय तसा. बेल्ट ढिला असेल तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. ब्रेकचे पॅड संपले असतील तर पाटीवर नख. नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला तर डोळे मिटून ऐकत होता, गाण्याच्या बैठकीला बसतात तसा. विमानापाशी आल्यावर मांडीवर थाप मारून ओरडला, "हाच! वन्स मोअर!" डाव्या चाकाचं बेअरिंग निघालं.

रॉन माझा बॉस. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, बोलतो कमी आणि खाकरतो जास्त. दत्ता म्हणता येत नाही म्हणून मला 'डेटा' म्हणतो. मला पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढं कुईंऽऽ करताना बघितलं आणि म्हणाला, "डेटा, आर यू फिक्सिंग द कार ऑर डेटिंग इट?"

पण ज्या गाडीबद्दल सांगायचंय, ती आवाजच काढत नव्हती. मुकाट्यानं तापत होती नुसती.

ती गाडी म्हणजे देवधर काकांचा पिकअप. काका रिटायर्ड कान-नाक-घशाचे डॉक्टर. आपली माणसं इथं यायला लागली त्या जुन्या काळात आलेले. ट्रक त्यांनी मुलगा हायस्कूलला असताना घेतला, आणि मुलाला आता टक्कल पडायला लागलंय. लंडनमधल्या निम्म्या मराठी घरांचे सोफे ह्या ट्रकनं वाहिलेत. मी इथं आलो तेव्हा एका बेसमेंटमध्ये जमिनीवर झोपायचो. कुणीतरी काकांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी काका ट्रकमध्ये गादी घालून दारात हजर. "गादी आमच्याकडून, पण एक टोक तू धरायचं," म्हणाले. त्या गादीवर मी आजही झोपतो. आणि दरवर्षी विसर्जनाला बाप्पा ह्याच ट्रकमधून निघतो. कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटला गोगलगायीच्या वेगानं फेऱ्या मारायच्या, पुढं ढोल, पुढं नाचणारी मंडळी, आणि शेवटी पाण्यानं भरलेल्या मोठ्या टबात विसर्जन.

तर शनिवारी विसर्जन आणि त्याच्या आदल्या बुधवारी हा ट्रक टो होऊन आमच्या दारात. पाठोपाठ मला फोन. काकांचा मुलगा नील, टोरांटोजवळच्या मिसिसागाहून.

"दत्ता भाई, लिसन. डॅडना सांग इट्स डन. फिनिश्ड. मी स्क्रॅपवाल्याशी बोललोय, ही कॅन पिक इट अप ऑन मंडे."

"अरे, मी अजून बॉनेट पण उघडलं नाही."

"मॅन, लास्ट मंथ ही वॉज स्टँडिंग ऑन द हायवे. ट्रॅफिक जॅममध्ये ट्रक उकळला, ही इज ऑलमोस्ट एटी, आणि उन्हात रोडच्या कडेला शोल्डरवर उभे, हातात पाण्याची बाटली. फोन घरी! मला आईनं सांगितलं संध्याकाळी. यू वाँट दॅट अगेन?"

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. तरी सवयीनं मी विचारलंच, "बरं, तापताना काही आवाज येतो का? जरा काढून दाखव."

"आय ॲम नॉट मेकिंग नॉइजेस ऑन द फोन, दत्ता. आय ॲम ॲट वर्क."

ठेवला फोन.

आता इंजिन का तापतं ते सांगतो. घाबरू नका, चहावर सांगतो. आपण गरम चहा कपातून बशीत ओततो, फुंकर घालतो, निवला की पितो. गाडीत तसंच. इंजिन म्हणजे कप. रेडिएटर म्हणजे बशी. पंखा म्हणजे फुंकर. मधे एक पंप असतो, तो कपातलं पाणी बशीत आणि बशीतलं कपात असं फिरवत राहतो. ह्या पाण्याला कूलंट म्हणायचं. थर्मोस्टॅट हा दारावरचा वॉचमन, इंजिन गरम होईपर्यंत पाण्याला बशीकडं सोडत नाही. आणि वरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी, आत दाब धरून ठेवतं म्हणजे पाणी लवकर उकळत नाही. गाडी तापली म्हणजे ह्यातलं कुणीतरी कामचुकारपणा करतंय. ते कोण, एवढंच शोधायचं. सगळ्यांना धुऊन काढायचं नाही.

मी बॉनेट उघडलं आणि पहिल्याच नजरेला रेडिएटरच्या खालच्या कडेला गुलाबी, वाळलेली खरड दिसली. ह्या ट्रकमधलं कूलंट लालसर असतं. गळून वाळलं की असाच थर धरतो. रॉननं वाकून बघितलं, खाकरला, "लीकिंग रॅड. देअर यू गो." मलाही पटलं. बशीला तडा. सोपी केस!

झाकणाच्या जागी हातपंप लावून आत दाब भरला. बशी फुटकी असेल तर काटा खाली येतो. आला नाही. मी चहा पिऊन आलो, तरी काटा जागच्या जागी, आमच्या बार्शीच्या घड्याळ-टॉवरसारखा. म्हणजे गळती नाहीच. मग ही गुलाबी खरड कसली?

"मे बी हेड गॅस्केट," रॉन म्हणाला. गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या आतलं सील, ते फुटणं म्हणजे मोठं दुखणं. ते असेल तर जुन्या ट्रकचा कारभार खरंच आटोपला. त्यासाठी एक निळं औषध असतं. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं, इंजिनाचा धूर पाण्यात शिरत असेल तर ते पिवळं पडतं. मी ते धरून बसलो, रिपोर्टची वाट बघणाऱ्या नातेवाइकासारखा. निळं ते निळंच. थर्मोस्टॅट काढून रॉनच्या केटलीत उकळला, शहाण्यासारखा उघडला. ("दॅट्स माय केटल," रॉन म्हणाला. मी म्हणलं, "नॉट एनीमोअर.") पंप बरा, पंखा बरा, बेल्ट बरा. सगळे साक्षीदार एकजात सज्जन. आणि ट्रक उभ्या उभ्या चालू ठेवला की तापमानाचा काटा हळूहळू लालकडं.

शुक्रवारी सकाळी काका-काकू आले. काका रुबाबात, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि काकूंच्या पिशवीत माझ्यासाठी करंज्या.

"काय म्हणतोय पेशंट?" काकांनी विचारलं.

"काका, सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि ताप उतरत नाही."

"मग तपासणारा चुकतोय."

"ते आहेच," मी म्हणलं. "नाहीतर पेशंट काहीतरी लपवतोय."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. नील. काकांनी स्पीकरवर टाकला, कारण त्यांना स्पीकर बंद करता येत नाही.

"डॅड, इनफ. लेट इट गो. आय विल रेंट अ ट्रक फॉर गणपती."

काकांनी एक हात ट्रकच्या दारावर ठेवला. मग म्हणाले, "नील, उद्या तू ये. माझ्या शेजारी सीटवर बस. मिरवणूक संपेपर्यंत काटा मध्याच्या वर गेला, तर किल्ली तुझ्या हातात. सोमवारी तुझा माणूस घेऊन जाऊ दे. मी एक शब्द बोलणार नाही. पण नाही चढला, तर हा विषय परत काढायचा नाही."

"डील," नील म्हणाला. आणि जरा थांबून, "डॅड, टेक युअर फोन विथ यू टुमॉरो, प्लीज."

झालं! शेकड्यानं माणसं बघणार, आणि काकांची लाज माझ्या पान्यावर. मी करंजी खाल्ली. चिंतेत मला गोड लागतं.

"काकू," मी म्हणलं, "हा पहिल्यांदा तापला कधी? ह्या उन्हाळ्यातच ना?"

"छे रे! गेल्या वर्षी विसर्जनालाच काटा चढला होता की. ह्यांनी मला सांगितलं, कुणाला बोलू नकोस, बाप्पा टबापर्यंत पोचू दे."

मी काकांकडं बघितलं. काका छताकडं.

"काका! डॉक्टर असून हिस्टरी लपवता? तुमच्या पेशंटनं असं केलं असतं तर?"

"आ करायला लावलं असतं," काका म्हणाले आणि ओशाळून हसले. "अरे, जरासाच चढला होता. त्या दिवशी गुलालच इतका उधळला पोरांनी, काचेतून काटासुद्धा नीट दिसत..."

तेवढं बोलून काका थांबले. मी पण थांबलो, अर्धी करंजी तोंडात. दोघांनी एकाच वेळी त्या गुलाबी खरडीकडं बघितलं.

मी काकूंच्या पिशवीतला एक कागदी नॅपकिन घेतला, काकांना इंजिन चालू करायला लावलं आणि नॅपकिन पुढच्या जाळीला लावून हात सोडला. पंखा आतून हवा ओढत असतो, त्यामुळं कागद जाळीला चिकटून राहायला पाहिजे. तो अलगद खाली पडला. परत लावला. परत पडला. फुंकर होती, पण बशीपर्यंत पोचतच नव्हती!

गंमत अशी, की गाडीत रेडिएटरच्या पुढं एसीची एक जाळी असते. समोरून बघावं तर एसीची जाळी स्वच्छ, मागून बघावं तर रेडिएटर स्वच्छ. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत काय चाललंय, कुणाला दिसत नाही. मी बोल्ट सोडले, रेडिएटर मागं कलता केला आणि बॅटरी मारली. आत गोधडी होती! जूनमध्ये इथल्या झाडांचा कापूस उडतो तो, त्यात झेंडूच्या पाकळ्या, त्यात अक्षता, आणि सगळ्याला धरून ठेवणारा वर्षानुवर्षांचा गुलाल. पावसानं भिजून, उन्हात भाजून पक्का झालेला. बाप्पापुढं आपण भक्तिभावानं उधळत होतो आणि पंखा तितक्याच भक्तिभावानं ओढून घेत होता.

मी पाण्याचा पाइप मागच्या बाजूनं लावला, धार बेताची ठेवली. बाहेर आलं ते गुलाबी पाणी! गॅरेजच्या फरशीवरून ओघळत निघालं. रॉन ऑफिसमधून धावत आला, रंग बघितला आणि त्याचा चेहरा पांढरा. "ट्रान्समिशन! डेटा, व्हॉट डिड यू ब्रेक?" गिअरबॉक्सचं तेल असंच लाल असतं ना. मी काही बोलायच्या आत काका कमरेवर हात ठेवून, इंग्रजी डॉक्टरी आवाजात म्हणाले, "रिलॅक्स, रॉन. इट्स जस्ट सायनस."

रॉनला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खाकरायचंच विसरला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली, ती लिहून टाकतो. लहानपणापासून मी गुलालात लोळलोय. कानातून आठवडाभर निघायचा. आणि तोच गुलाल समोर आला तर मला कूलंट वाटला. चार हिवाळे काढले की डोळे पण इकडचे होतात की काय, कुणास ठाऊक.

सगळं जोडून परत इंजिन चालू केलं, नॅपकिन लावला. चप्पकन चिकटला. काकूंनी ओढून बघितला, सुटेना. "अगंबाई!" म्हणाल्या आणि नॅपकिनला नमस्कार केला.

पण शनिवारी सकाळी नवाच पेच. मी वृषालीताईंना सांगितलं, कारण विसर्जनाची सगळी व्यवस्था त्यांच्याचकडं असते, की ट्रकच्या पुढं गुलाल उधळायचा नाही. नाचायचं ते मागं.

"बाप्पाच्या पाठीमागं नाचायचं?" वृषालीताई कडाडल्या. "असं कुठं असतं का रे? देवानं काय मान मोडून बघायचं? आणि गुलाल नसेल तर ढोलवाली पोरं येणार नाहीत, मी सांगून ठेवते."

"ताई, पंखा ओढतो तो."

"मग पंखा बंद कर!"

हे चाललं असताना नील येऊन उभा राहिला होता. गॉगल, हातात कॉफी, अंगावर काकूंनी सक्तीनं घालायला लावलेला कुर्ता, घडीच्या रेघा तशाच. थोडा वेळ ऐकलं त्यानं, मग म्हणाला, "व्हाय डोन्ट यू जस्ट टर्न हिम अराउंड?"

सगळे त्याच्याकडं वळले.

"आय मीन, बाप्पाला मागे तोंड करून बसवा. एव्हरीबडी डान्सेस बिहाइंड द ट्रक, पण बाप्पाच्या समोर. राइट?"

वृषालीताईंनी ट्रकला एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "देवधरांचाच मुलगा." मी नीलच्या कानात म्हणलं, "लगा, तू कुणाच्या बाजूनं आहेस?" तो खांदे उडवून कॉफी प्यायला.

बाप्पा फिरवला. ढोल मागं, माणसं मागं, गुलाल मागं. काकूंनी ट्रकची पूजा केली. दोन नारळ आणले होते. एक चाकापुढं फोडला. दुसरा बाप्पासाठी होता, तो आयत्या वेळी सापडला नाही, मग कुणीतरी आपल्या गाडीतून तिसराच काढून दिला.

मिरवणूक निघाली. काका स्टिअरिंगवर, नील शेजारी, आणि मी ट्रकच्या बाजूनं खिडकीशी चालत. भर दुपारचं ऊन. ट्रक असा चालला होता की एक पोरगं बुटाची लेस बांधायला बसलं आणि बांधून परत पुढं गेलं. मागं ढोल फुटेस्तोवर वाजत होते. आणि आमच्या तिघांचे डोळे एका काट्यावर.

काटा मध्यावर आला. थांबला.

मग केसभर वर सरकला. काकांचे ओठ हलायला लागले, बहुतेक अथर्वशीर्ष. नील पुढं झुकला. तेवढ्यात वॉचमननं दार उघडलं असणार, म्हणजे आपला थर्मोस्टॅट, आणि काटा परत मध्यावर येऊन बसला. मी खिडकीतून रॉनच्या आवाजात खाकरलो. काका दचकले आणि मग खो खो हसत सुटले.

शेवटच्या फेरीला मी बघितलं, नील काट्याकडं बघतच नव्हता. तो आरशात मागं बघत होता, आणि त्याची बोटं डॅशबोर्डवर ढोलाबरोबर चालली होती. "आय लर्न्ड टू ड्राइव्ह इन धिस थिंग," मला म्हणाला. "डॅड वॉज टेरिफाइड."

"अजून आहे," काका म्हणाले.

टबापाशी ट्रक थांबला. काटा मध्यावर. काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि हात पुढं केला, केसभर का होईना, काटा चढला होता ना. नीलनं किल्ली बघितली, काकांच्या मुठीत परत बंद केली आणि खाली उतरून थेट गर्दीत घुसला. परत आला तेव्हा गॉगलसकट गुलाबी होता.

हे झालं विसर्जनाचं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी एका गाडीखाली आडवा होतो, आणि फोन वाजला. नील.

"दत्ता भाई, आय हॅव द ट्रक. डॅडकडून घेतलाय, सोफा न्यायचाय कॉन्डोला. काटा ओके आहे. बट देअर इज अ... अ नॉइज."

"कसला?"

"फनी."

मी गाडीखालून बाहेर आलो. नीट बसलो. "काढून दाखव."

मोठा सुस्कारा. दार लावल्याचा आवाज. मग एक मोठ्या कंपनीतला डायरेक्टर, मिसिसागाच्या कुठल्यातरी पार्किंगमध्ये, फोनवर: "गडगडगडगड... टुक."

"वळताना येतो का?"

"हो! डावीकडे वळलं की उजवीकडे जातो. देन कम्स बॅक. इज इट द ॲक्सल? इज इट बॅड?"

"नील, सीटखाली हात घाल."

खुडबुड झाली. मग अगदी बारीक आवाजात, "...इट्स अ कोकोनट."

फोन स्पीकरवर टाकला, रॉनला हाक मारून जवळ बोलावलं, आणि मग म्हणलं, "नील, वन्स मोअर!"